नको म्हणणारा माणूस

श्रावण अर्धा सरला की पेट्या आजारी पडतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. पण भजनाला बसणाऱ्या माणसांत तिला हार्मोनियम कोणी म्हणत नाही, म्हटलं तर शेजारचा वळून बघतो. वर्षभर या पेट्या पलंगाखाली, कपाटावर, नाहीतर मंडळाच्या खोलीत टाळांच्या पिशवीला टेकून गुपचूप पडलेल्या असतात. गणपती जवळ आले, मंडळींना भजनाची आठवण झाली आणि कोणीतरी भाता हलवून पहिली पट्टी दाबली की एकेकीचं दुखणं बाहेर येतं. एकीची पट्टी खाली गेली की वर यायला तयार नसते. दुसरीचा सूर कोणी हात न लावताच वाजत राहतो. तिसरीचा भाता उंदरांनी खाल्लेला असतो आणि घरातले म्हणतात, आमच्याकडे उंदीर नाहीतच.

यंदाही रीघ लागली आहे. कोणी पेटी चादरीत बांधून आणतं, कोणी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. काल भांडुपहून एक आली ती लहान मुलाच्या रेनकोटात, रेनकोटावर हत्तीच हत्ती. मुलुंडच्या बाजारातली ही गल्ली या दिवसांत पत्री, आघाडा, दूर्वा आणि केवड्याने भरून जाते; शेजारी भजीची कढई, आणि आत माझ्याकडे सरस, चामडं आणि जुन्या लाकडाचा वास. शटर अर्धं खाली ओढून ठेवावं लागतं, नाहीतर वाऱ्याबरोबर पाऊस थेट कामावर. लाकूड फुगतं, चामडं सर्दावतं, आतल्या पितळेवर हिरवट थर चढतो. या हवेत सगळ्यात जास्त पेट्या बिघडतात आणि याच हवेत त्या दुरुस्त करायच्या असतात. कोणी आखून दिलं असतं तर एवढं उलटं आखून दिलं नसतं.

अशा दिवसांत मला तो एक श्रावण आठवतो. त्याला फार वर्षं झालेली नाहीत, पण त्याच्याकडे मी आता जरा लांबून बघू शकतो. त्या श्रावणात मी इथे फक्त रविवारी येत असे. दुकान दाजींचं होतं; नात्यातले नव्हेत, सगळी गल्लीच त्या म्हाताऱ्या कारागिराला दाजी म्हणायची. सोमवार ते शनिवार मी अंधेरीत एका कंपनीत बसायचो. कंपनी एअर कंडिशनरची देखभाल करायची आणि मी तक्रार विभागात होतो. लोक फोन करायचे, पाणी गळतंय, थंड होत नाही, तुमचा माणूस आलाच नाही. मी अत्यंत सभ्य आवाजात सांगायचो की आपली तक्रार नोंदवली गेली आहे. पुढे त्या एअर कंडिशनरचं काय झालं ते मला कधी कळायचं नाही. परत फोन आला तर समजायचं की काही झालेलं नाही. नाही आला तर एकतर दुरुस्त झाला किंवा माणूस कंटाळला.

वीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तूंबद्दल ऐकत होतो आणि त्यातली एकही दुरुस्त झालेली माझ्या डोळ्यांनी पाहिली नव्हती. यात दुःख वगैरे काही वाटत नव्हतं तेव्हा. पगार वेळेवर व्हायचा, कॅन्टीनची मिसळ बरी होती, एसी आमचा स्वतःचा असल्यामुळे उत्तम चालायचा. माझ्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मला वाटतं, माणूस अशा ठिकाणी सगळ्यात जास्त काळ अडकतो. टोचत असतं तर उठला असता.

रविवारचं तसं नव्हतं. दाजींकडे मी पहिल्यांदा गेलो तो कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगमधल्या कोणाची तरी पेटी पोहोचवायला, आणि पेटी उघडलेली पाहून तिथेच उकिडवा बसलो. आत पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळेच्या बारीक जिभा, ओळीने मांडलेले. दाजी एकेक सूर काढायचे, खरवडायचे, परत बसवायचे, भाता मारून ऐकायचे. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. बस, एवढंच. पण ते एवढंच करताना श्वास धरून ठेवावा लागतो, कारण जास्त खरवडलेलं पितळ काही परत चिकटवता येत नाही. आणि मग तो क्षण येतो. दोन सूर एकत्र वाजत असतात, त्यांच्यात एक बारीक थरथर असते, ती हळूहळू लांबते, मंदावते आणि नाहीशी होते. दोन सुरांचा एकच सूर होतो. पहिल्यांदा माझ्या हातून तसं झालं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उगाच बाहेर जाऊन चहा सांगून आलो. दाजींनी चहा प्यायला आणि म्हणाले, ‘‘पुढचा सूर घे. एकावर भजन होत नाही.’’

त्या श्रावणात नागपंचमीच्या आसपास दाजींनी सांगितलं की त्यांचे गुडघे गेले, गणपती झाले की ते नाशिकला लेकीकडे कायमचे जाणार. दुकान त्यांच्या भावाच्या जागेत होतं. भाऊ म्हणाला होता, पेटीवालाच बसणार असेल तर देतो, नाहीतर एक मोमोजवाला कधीपासून मागे लागलाय.

‘‘तू बसतोस का?’’ दाजींनी विचारलं.

‘‘मी? माझी नोकरी आहे, दाजी.’’

‘‘ते मला माहीत आहे रे. तू बसतोस का, ते विचारलं.’’

‘‘विचार करून सांगतो.’’

‘‘चतुर्थीच्या आधी सांग. माझी घाई नाही, मोमोजवाल्याची आहे.’’

मग मी विचार करायला लागलो. म्हणजे खरं तर मी माणूस शोधायला लागलो. मला नको म्हणणारा एक माणूस हवा होता. हे तेव्हा कळलं नव्हतं, तेव्हा वाटत होतं की आपण सगळ्यांचा सल्ला घेतोय, जबाबदार माणसाने घ्यावा तसा.

पहिली अर्थात बायको. नीलम एका लॅबमध्ये रक्त घेते. दिवसभर ती लोकांना सांगते, मूठ आवळा, बघू नका तिकडे, झालं. घरातले निर्णयही ती त्याच पद्धतीने घेते. मी रात्रीच्या जेवणावर विषय काढला, जरा घसा साफ करून, भूमिका मांडून. ती भेंडीचे देठ बाजूला काढत होती.

‘‘मग कर की,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, कर की काय? पगार जाणार.’’

‘‘माझा आहे ना. आणि पेट्या काय फुकट करणारेस? जरा ओढाताण होईल. होऊ दे.’’

‘‘आणि नाही चाललं तर?’’

‘‘तर दुसरं काहीतरी बघशील. तुला वाढू का अजून?’’

मी चिडलो. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न आणि हिने तो भेंडीबरोबर संपवला. नवऱ्याची नोकरी सुटणार म्हटल्यावर बायका रडतात, माहेरी फोन करतात, निदान डोक्याला हात लावून बसतात. हिने दही काढून आणलं. त्या रात्री मी जरा रागातच झोपलो आणि राग कशाचा ते मला सांगता आलं नसतं.

मग साहेब. आमचे साहेब माझ्यापेक्षा लहान, जोगेश्वरीला राहणारे, कायम घाईत. मला खात्री होती की ते म्हणतील, असं कसं जाता, तुमच्याशिवाय विभाग कसा चालेल. मी केबिनमध्ये जाऊन अर्धवट, चाचपडत सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. ‘‘अरे यार, झकास! यही तो करना चाहिए आदमीने! मैं तो बोलता हूँ सबको, दिल का काम करो.’’ त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मग म्हणाले, जायचं ठरलं की एवढं सांगा, तुमच्या जागी माणूस तयार आहे. मी बाहेर आलो आणि पुढचा फोन उचलला. आपली तक्रार नोंदवली गेली आहे.

आता वाटतं, हिमतीबद्दल आपली समजूत फार नाटकी असते. कोणीतरी दार अडवून उभं आहे आणि आपण ते ढकलून बाहेर पडतोय, असं काहीतरी. दार अडवणारा असला की सोपं असतं सगळं. त्याच्यावर चिडता येतं, त्याच्या नावाने आयुष्यभर खडे फोडता येतात, लोक आपल्यासाठी हळहळतात. माझ्या बाबतीत दार सताड उघडं होतं आणि जो तो मला म्हणत होता, जा की. तेव्हा कळलं की उंबऱ्यावर बसलेलो मीच आहे. मी घाबरलो होतो. लोक काय म्हणतील याचा प्रश्नच नव्हता, लोक छान छान म्हणत होते. भीती वेगळीच होती. रविवारी जे मला आवडतं ते रोज केलं आणि ते मला नीट येतच नाही असं निघालं तर? नोकरी वाईट गेली तर माणूस म्हणू शकतो, हे काही माझं खरं काम नाही. खऱ्या कामातच माती खाल्ली तर मग काय म्हणायचं?

हे कोणाला सांगितलं नाही. अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने येताना खिडकीतून ओले डोंगर, ओल्या निळ्या ताडपत्र्या, गच्च्यांवरच्या टाक्या बघत मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडायचो. घरी येईपर्यंत दोन्ही बाजू दमायच्या. कांजूरला उतरलं की पावसात डम्पिंग ग्राउंडचा वास जरा जास्तच येतो, तो नाकात गेला की विचार आपोआप बंद. रोज उद्यावर. दाजी रविवारी माझ्याकडे बघायचे, विचारायचे नाहीत. त्यांचं ते न विचारणं मला जास्त लागायचं.

आणि या सगळ्यात मी एक माणूस जपून ठेवला होता. बाबा. माझी खात्रीची जागा. बाबा नको म्हणणार हे ठरलेलंच होतं, म्हणून एका घरात राहूनही हा विषय त्यांच्या कानावर पडू न देता त्यांना मी शेवटासाठी राखून ठेवलं. बाबा गिरणीत होते. मग गिरणी राहिली नाही. पुढची काही वर्षं त्यांनी कशी काढली ते मला लहानपणीच्या तुकड्यांत आठवतं: सकाळी उठून डबा न घेता बाहेर पडणारे बाबा, आणि दुपारी घरात असल्यामुळे ओशाळलेले बाबा. नंतर ते घाटकोपरला एका टॉवरवर वॉचमन झाले आणि त्या खाकी कपड्यांना रोज स्वतः इस्त्री करायचे. नोकरी हा शब्द ते देवाच्या नावासारखा हळू उच्चारत. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, आणि एअर कंडिशनरचं ऑफिस म्हणजे मी रोज थंडीत बसतो याचं त्यांना मरेपर्यंत पुरेल एवढं समाधान होतं.

संध्याकाळचे बाबा मात्र वेगळे. आमच्या बिल्डिंगचं भजनी मंडळ आहे, सगळे सिंधुदुर्गातले, आणि बाबा त्यात पेटीवर बसायचे. अजूनही बसतात. ती पेटी आमच्याच पलंगाखाली असते. मी दाजींकडे इतके रविवार गेलो, पण मंडळाची पेटी बाबांनी मला कधी उघडू दिली नव्हती. ‘‘चलता आसा ना? मगे?’’ असं म्हणून विषय संपवायचे.

चतुर्थी आठवड्यावर आली होती. तो रविवार. दाजी सकाळीच गुडघे दाखवायला गेले होते आणि दुकानात मी एकटा होतो. दुपार होती, पाऊस सपासप पडत होता. रिक्षा थांबली. त्यातून बाबा उतरले. पेटी छातीशी धरलेली, छत्री पेटीवर, स्वतः नखशिखांत भिजलेले.

‘‘दाजी खय गेले?’’

‘‘डॉक्टरकडे. मी आहे ना, या आत.’’

‘‘मगे उद्या येतंय.’’

‘‘उद्या दुकान बंद, बाबा. द्या इकडे. काय झालंय?’’

ते जरा वेळ पेटी सोडेनात. मग स्टुलावर ठेवली आणि पंच्याने आधी तिला पुसलं, नंतर स्वतःला. ‘‘काय झाला नाय. आवाज जरा बसलोसा.’’

मी भाता मारला. पेटी बोलली ती नाक चोंदल्यासारखी. मी झाकण काढलं आणि वासावरूनच कळलं. आमच्या माणसांत खोबरेल तेलाला मनाई अशी जागाच नाही. डोक्याला तेच, कानात तेच, करकरणाऱ्या दाराला तेच, गंजलेल्या कुलपात तेच. दुसऱ्या कुठल्या माणसांना सुचणार नाही, पण आमच्यातल्या प्रत्येक मंडळात कोणीतरी एकदा तरी हे केलेलं असतं.

‘‘बाबा, तेल घातलंत?’’

‘‘पट्टी चिकटा होती. थेंबभर घातलंय.’’

‘‘थेंबभर?’’

‘‘दोन थेंब आसतीत.’’

तेल पट्ट्यांवरून ओघळून सुरांवर उतरलं होतं, त्यावर धूळ बसली होती आणि धुळीत एक झुरळ कायमचं झोपलं होतं. मला हसू आलं. बाबांनाही येत होतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. मी एकेक सूर काढायला बसलो. पुसायचा, घासायचा, उजेडात धरायचा, बाजूला ठेवायचा. बाबा बाकड्यावर बसून बघत होते. माझे हात ते पहिल्यांदाच असे बघत होते. बाहेर पत्रीवाल्या बाईने ताडपत्रीवरचं पाणी झाडूच्या दांड्याने वर ढकलून पाडलं, ते धबाकन रस्त्यावर पडलं. मला वाटलं, आत्ताच विचारावं. हात कामात असताना विचारलेलं बरं, नजर कुठे ठेवायची हा प्रश्न राहत नाही.

मी सगळं सांगितलं. दाजी जाणार, जागा मिळतेय, नोकरी सोडावी लागेल, नीलम हो म्हणतेय. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘नको,’’ ते म्हणाले.

आलं. एवढे दिवस ज्या शब्दासाठी मी दारोदार फिरत होतो तो शब्द आला. कसा स्पष्ट, खणखणीत. आता मी दाजींना सांगू शकत होतो, बाबा नको म्हणाले. नीलमला सांगू शकत होतो. म्हातारपणी आमच्या मुलीला सांगू शकत होतो, तुझ्या आजोबांनी अडवलं गं, नाहीतर. सगळं आयुष्यभराचं सोपं झालं होतं.

‘‘का नको?’’ मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. तोंडातून गेलं.

‘‘गिरण बंद पडली तेव्हा मी काय केलंय, तुका ठाव आसा?’’

‘‘काय केलंत?’’

‘‘काय नाय. रोज गेटार जाय आणि परत येय. लोकांका वाटा हो काम शोधता. मी गेट बघूक जाय. तुका असा गेट बघूचा लागू नये, म्हणान नको.’’

‘‘तुमची गिरणी त्यांनी बंद केली, बाबा. मी स्वतः सोडतोय.’’

‘‘ता तर अधिकच वायट. तेव्हा दोष देवक मालक होतो.’’

मी हातातला सूर खाली ठेवला. ‘‘तुम्ही ड्युटीवरून येऊन जेवायच्या आधी पेटीवर का बसायचात मग?’’

‘‘ता वेगळा. ता देवाचा.’’

‘‘मला पण तेच वेगळं वाटतं, बाबा. तिथे अंधेरीला मी दिवसभर बोलतो आणि संध्याकाळी मला काहीच आठवत नाही. इथे मी दिवसभर बोलत नाही आणि सगळं आठवतं. मला हे आवडतं. मला हे येतं. थोडं कमी येत असेल, शिकेन. वाट लागली तर लागली. पण मी करणार.’’

माझा आवाज चढला होता. भजीवाल्याने डोकावून पाहिलं. आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं की नीलमसमोर, साहेबांसमोर, मेट्रोच्या खिडकीसमोर जे कधी निघालं नाही ते सगळं नको ऐकल्यावर निघालं. सगळे हो म्हणत होते तोपर्यंत मी त्यांना न जाण्याची कारणं देत होतो. जाण्याची कारणं माझ्याजवळ आहेत, हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं. मी घाबरलेलाच होतो, तितकाच. पण आता ते एवढं महत्त्वाचं राहिलं नव्हतं.

 मी परत कामाला लागलो. मधल्या सप्तकातला एक सूर बसवला, त्याच्या जोडीचा बसवला, भाता मारला. थरथर होती. काढला, टोकाला हलकेच खरवडला, बसवला. थरथर लांबली. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. गेली. बाबांनी मान किंचित तिरकी केली. भजनात कोरस नीट लागला की ते करतात तशी.

‘‘माझा नकोच आसा,’’ ते उठत म्हणाले. ‘‘ता बदलाचा नाय.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘पेटी चतुर्थीच्या आधी देतलंस?’’

‘‘देतो.’’

‘‘नक्की? मंडळाची वस्तू आसा. माझी नाय.’’

‘‘नक्की, बाबा.’’

त्यांनी पंचा पिळला, खांद्यावर टाकला, छत्री घेतली. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पाऊल टाकलं आणि तसेच थांबले.

‘‘पावती दी.’’

‘‘पावती? बाबा, मी घरीच येतोय रात्री.’’

‘‘दुकानात वस्तू ठेवली की पावती घेतंत. मंडळाक दाखवक होयी.’’

मी खणातून दाजींचं पावतीपुस्तक काढलं. पेटी एक, तेल साफ करणे, सूर मिळवणे, असं लिहिलं. खाली येऊन पेन थांबलं.

‘‘सही कोणाची करू? दाजींची की माझी?’’

बाबांनी छत्री उघडली आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. पाऊस तिच्यावर ताशासारखा वाजायला लागला, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

‘‘सही दुकानदाराची करतंत,’’ ते म्हणाले. ‘‘कर बेगिन. रिक्षा जायत.’’